दातांत धरलेला पाला

"सदरा काढ," पाटील म्हणाले.

मी काढला नाही. ऐकू आलं नव्हतं असं नाही. बोटं बटणांपर्यंत गेली होती आणि तिथंच थांबली होती. पाटलांनी काठीचं टोक माझ्या सदऱ्याच्या खालच्या काठात घातलं आणि वर उचललं. पोट उघडं पडलं. चावडीपुढं दीडशेच्या आसपास माणसं होती. बायका देवळाच्या भिंतीला लागून उभ्या. कुणीतरी हसलं. पटकीच्या दिवसांत, घराघरांतून मढी उठत असताना, एक माणूस हसला. तो आवाज मी आजही ओळखीन.

"कंपनीचा सायेब झालाय त्यो," तो म्हणाला. "बटनं काढाया मानूस लावा."

मी सदरा काढला. कारखान्याचा खाकी सदरा. खिशावर पितळेचा बिल्ला, आकडा दोनशे चौदा. पाटलांनी तो काठीवरच घेतला, हाताला लागू दिला नाही, आणि बाभळीच्या कुंपणावर टाकला. मग मला हळद लावायची होती. पण मला शिवायचं नव्हतं. म्हणून हळदकुंकवाचं पाणी तांब्यात कालवून लांबून अंगावर फेकलं. तीन तांबे. तिसरा तोंडावर. पाणी डोळ्यांत गेलं आणि मी डोळे पुसले तेव्हा लोकांना वाटलं मी रडतोय.

माझ्या चुलत्यानं माझ्या कमरेला कडुलिंबाचे डहाळे बांधले. गळ्यात हलगी, त्यामुळे त्याला वाकता येत नव्हतं. शेवटी त्यानं लिंबाच्या पाल्याची मूठभर जुडी माझ्या तोंडापुढं धरली. "धर बाबा," एवढंच म्हणाला. मी ती दातांत धरली. बैलाला मुसकं घालतात तसं. कडू रस घशात उतरला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो, तीन लेकरांचा बाप. पोरगा नव्हतो. हे मुद्दाम लिहितो. लहानपणीचा अपमान माणूस विसरला असं म्हणू शकतो. हा मला मोठेपणी झाला, अक्कल असताना झाला, आणि तोंड मीच उघडलं होतं.

ही रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पटकी, म्हणजे कॉलरा, गावात आली की मरीआई कोपली असं गाव धरायचं. सुतार एक गाडा करायचा, चार हात लांबीचा, लाकडी चाकांचा. त्यावर मरीआईची मूर्त, हिरवा खण, बांगड्या, लिंबं, नारळ, दहीभाताची टोपली. आणि ज्या घरात माणूस गेलं त्या घरातून त्याची वाकळ, त्याचं धोतर किंवा लुगडं. हा गाडा मांगानं ओढत शिवेबाहेर न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. आई गेली, तिच्याबरोबर रोग गेला. ओढणाऱ्यानं दातांत पाला धरायचा. बोलायचं नाही. मागं वळून बघायचं नाही. पाच दिवस गावात यायचं नाही. तो शिवेकडं गेला की त्याच्यामागं वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकायच्या, म्हणजे रोग त्याच्या पावलांनी परत यायला नको.

माझ्या बापानं हा गाडा सात वेळा ओढला. सात हा आकडा पक्का आहे. दर वेळी वाखाचा नवा दोर आमच्याच घरी वळला जायचा आणि बाप त्यातला हातभर तुकडा तोडून आढ्याला बांधून ठेवायचा. बाप गेला तेव्हा मी मोजले. सात तुकडे.

मला मोजायची सवय आहे. चौथीपर्यंत शिकलो, तेही शाळेच्या ओट्यावर बाहेर बसून. पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम निघालं तेव्हा तिथं मजुरीला गेलो. एकदा मुकादमानं विचारलं, ही विटांची रास बिनचूक कोण मोजील. मी मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही वेळा एकच आकडा. तेव्हापासून मी सामानाच्या कोठीवर. आमचं गाव तळवड्याच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीच्या अलीकडं. रोज पाच मैल जायचं, पाच मैल यायचं. कारखान्यात मला 'दोनशे चौदा' म्हणत. त्यात फार माया होती असं नाही. पण त्यात शिवी नव्हती.

देवावर माझा विश्वास नव्हता असं मात्र कुणी समजू नये. मरीआईचं ठाणं आमच्या मांगवाड्याच्या तोंडाशी, लिंबाखाली. दिवाबत्ती आमच्या घराकडं. माझी म्हातारी चाळीस वर्षं तो दिवा लावत होती. घरात तेल नसेल तर भाजी बिनतेलाची व्हायची, दिवा बिनतेलाचा राहिला नाही. मीही पाया पडल्याशिवाय कामाला कधी गेलो नाही. देवी आमची, ठाणं आमचं, तेल आमचं. फक्त ती बोलायची तेव्हा पाटलांच्या आत्याच्या अंगात येऊन बोलायची. आमच्या कुणाच्या अंगात ती कधी आली नाही. हे मी तेव्हाही पाहत होतो. पण पाहणं आणि समजणं यांत माझी बरीच वर्षं गेली.

त्या साली पटकी आली तेव्हा कारखान्यातल्या दवाखान्यात आम्हा सगळ्यांना सुई टोचली. तिथला कंपाउंडर बोलका माणूस. तो म्हणाला, "हे बघ, रोग पाण्यातनं येतो. आजारी माणसाच्या जुलाबाच्या, वांतीच्या कपड्यातनं येतो. पाणी उकळा. मेलेल्याचं अंथरूण जाळा. आणि ही पुडी विहिरीत टाका." जांभळ्या औषधाची पुडी होती. मी ती रुमालात बांधून आणली. गावच्या विहिरीवर मला चढता येत नव्हतं. कायद्यानं चढता येत होतं, गावात येत नव्हतं. म्हणून पुडी चावडीवर नेली आणि पाटलांपुढं ठेवली.

पाटलांनी ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"मांगाच्या हातचं औषद गावच्या हिरीत?"

"मी न्हाई टाकत, पाटील. तुमच्या मानसाच्या हातनं टाका."

"म्हंजी आता तू सांगनार, गावानं कुठलं पानी प्यायाचं."

पुडी त्यांनी काठीनं खाली ढकलली. जमिनीवर जांभळा डाग पडला. पुढच्या मंगळवारी आत्याच्या अंगात आलं. केस सुटलेले, डोळे पांढरे. ती घुमत म्हणाली, "माजा गाडा दिवावालीच्या ल्योकानं वढायचा. त्यो भाइर जातुया. त्यानं बाट आनलाय. त्यो वढल तवा मी जाईन." तोवर गावात नऊ माणसं गेली होती आणि मांगवाड्यात दोन. अकरा.

मी घरी येऊन म्हातारीला विचारलं. ती दारात वाती वळत बसली होती.

"आये, काय करू?"

"तिचा सबूद हाय," ती म्हणाली. "मोडू नगंस. आपुन तिचं चाकर."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिघं लेकरं दारात होती. मला कारखान्यात पाच दिवस खाडे पडणार होते, नाव कटलं असतं. पण ती भीती लहान होती. मोठी भीती वेगळी होती. मी ओढला नाही आणि माझ्या घरात कुणाला जुलाब लागले तर? देवीचा शब्द मोडणारा बाप म्हणून मी आयुष्यभर जगायचं कसं? म्हणून मी चावडीपुढं गेलो. पाटलांना भिऊन नाही. देवीला भिऊन. देवीचं ऐकावं, वाईट दिवसांत तर पुरतं ऐकावं, असं मला मनापासून वाटत होतं. आजही वाटतं. ते पुढं सांगतो.

दोर खांद्यावर घेतला. चुलत्याची हलगी सुरू झाली. मी पावलं मोजायला लागलो, कारण मोजलं की मला कमी भीती वाटते. चावडीपासून ठाण्यापर्यंत दोनशे दहा. ठाण्यापुढं म्हातारी हात जोडून उभी होती. तिथून पांदीनं खाली. पाचशे पावलांनंतर हलगी थांबली, माणसं थांबली, आणि मागं फांद्या ओढत आणल्याचा खरखर आवाज आला. मी वळलो नाही. वाट बंद झाली होती.

ऊन चढलं होतं. गाड्यावरच्या वाकळांना वास येत होता. तो वास ज्यानं घेतला आहे त्याला सांगायला नको. माश्या आधी गाड्यावर बसत, मग माझ्या पाठीवर, मग परत दहीभातावर. मी तेवढंच बघत चाललो. माशी वाकळेवरून उठली. माशी भातावर बसली. कंपाउंडरचं बोलणं डोक्यात येत होतं आणि मी ते हाकलत होतो, कारण देवीच्या गाड्यापुढं असा विचार करणं म्हणजे पाप.

एक हजार दोनशे चाळिसाव्या पावलाला शिवेचा दगड आला. पुढं ओढा, गुडघाभर पाणी. ओढ्यापलीकडं खालचं गाव. आणि त्या गावाचंही अंग आमच्या बाजूला कुठलं, तर मांगवाडा. सगळीकडं तसंच असतं. मांगवाडा गावाच्या कडेला, म्हणजे शिवेला सर्वांत जवळ. या मांगवाड्यात माझी धाकटी बहीण दिली होती. सगुणा.

ती पलीकडच्या काठावर उभी होती. चार लेकरं घेऊन. हलगी ऐकून आली होती. तिच्या हातात रिकामी पाटी होती.

ही पाटी कशासाठी, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा अशीच पाटी घेऊन बापाबरोबर गेलो होतो. वरच्या गावानं त्यांचा गाडा आमच्या शिवेत आणून सोडला होता. आमच्या वाड्यानं तो उतरवून घेतला. नारळ, खण, वाकळा, दहीभात. भुकेचे दिवस होते, पण नुसती भूक नव्हती ती. बाप म्हणाला होता, "देवीचं हाय. टाकलं तर कोपंल." त्यानं आधी भाताला हात जोडले, मग आम्हाला वाढला. माझ्या दोन धाकट्या भावांनी दहीभात खाल्ला. मला दही आवडत नसे, मी नारळ खाल्ला. त्या थंडीत आईनं त्यांना नव्या मिळालेल्या वाकळेत निजवलं. तिसऱ्या दिवशी एक गेला, चौथ्या दिवशी दुसरा. बाप म्हणाला, देवीची इच्छा. आणि आठवड्यानं त्यानंच आमच्या गावचा गाडा ओढला. याच वाटेनं. याच ओढ्यापर्यंत.

हे मला तीस वर्षं माहीत होतं. पण ते एका ओळीत मांडलेलं नव्हतं. शिवेच्या दगडापाशी ते एका ओळीत आलं. वरच्या गावाचा पाटील त्यांच्या मांगाला सांगणार. तो आमच्या मांगवाड्यात आणून टाकणार. आमचे पाटील मला सांगणार. मी सगुणाच्या मांगवाड्यात नेऊन टाकणार. ती देवीचा प्रसाद म्हणून उचलणार. सात वेळा बापानं ओढला. कुठलाच गाडा कधी कुठल्या पाटलाच्या दारात थांबला नाही.

"दादा," सगुणानं हाक मारली. ती हसत होती. भाऊ दिसला म्हणून हसत होती. तिच्या धाकट्यानं नारळाकडं बोट केलं. तो पाण्यात उतरला.

मला बोलायचं नव्हतं. पाला दातांत होता. मी तुम्हाला खरं सांगतो. देवी माझ्या मागं चार हातांवर होती. मी पाला थुंकला तर ती मला तिथंच आडवा करील, असं मला वाटत होतं. अंदाजानं नाही, विस्तव हाताला लागतो तितक्या खात्रीनं वाटत होतं. पोरगं पाण्यात तीन पावलं आलं. चार.

मी पाला थुंकला.

"सगुणे, पोरगं माघारी घे. याला हात लावायचा न्हाई."

"आरं, बोललास का? बोलू ने." तिचं तोंड उतरलं. "देवीचं हाय, दादा."

"देवीचं न्हाई. मेलेल्या मानसांचं हाय. नऊ घरच्या वाकळा हायत्या याच्यावर. घरी जा. पानी उकळून पी. जा म्हनतो ना."

ती गेली नाही. पोराला काखेत मारून दगडासारखी उभी राहिली. मी गाड्याला फेर दिला. मागं बघायचं नव्हतं, मी पुरता मागं वळलो. आणि ओढायला लागलो.

परत येताना पावलं मोजली नाहीत. आयुष्यात तेवढीच वाट मी न मोजता चाललो. वाटेवर पडलेल्या फांद्यांतून अनवाणी गेलो. नंतर पायातून नऊ काटे निघाले. गाव अजून पांदीच्या तोंडाशी उभं होतं. गाडा बघून पहिली रांग मागं सरली, मग दुसरी. जे मला शिवत नव्हते ते आता माझ्यापासून पळत होते.

पाटील हलले नाहीत. "गाडा फिरवलास?"

"व्हय."

"आईला माघारी आनलीस गावात?"

"आई हितलीच हाय, पाटील. मपल्या दारातली. तिला हाकलायला मी कोन?"

"मरशील."

मलाही तेच वाटत होतं.

कुणी मला मारलं नाही. मारायला जवळ यावं लागलं असतं. गाव भ्यालं होतं. मी गावापेक्षा जास्त भ्यालो होतो, पण गाडा माझ्या हातात होता, म्हणून ते त्यांना दिसलं नाही.

ठाण्यापाशी म्हातारी तशीच उभी होती. मला वाटलं ती मला शिव्या देईल. तिनं गाड्याकडं पाहिलं, मूर्तीकडं पाहिलं. मग पदर खोचून पुढं आली आणि मूर्त उचलून तिच्या जागी बसवली. दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला ठेवतात तशी.

"आये, मी सबूद मोडला."

"तिचा व्हता का त्यो?" म्हातारी म्हणाली. "चाळीस वरसं दिवा लावते. मला कदी बोलली न्हाई ती. आन् पाटलाच्या आत्याला दर मंगळवारी बोलती. तेल कुनाचं जळतंय, तिला ठावं नसंल व्हय?" थोडं थांबून म्हणाली, "मला आधी सुचाया पायजे व्हतं."

दहीभात मी खड्डा खणून पुरला. वाकळा, कपडे, सगळं माळावर नेऊन जाळलं. गाडाही जाळला. दोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या थोरल्या मुलीला, पारूला, जुलाब सुरू झाले. ती सात वर्षांची होती. तासाभरात पाच वेळा. मग वांत्या. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. डोळे खोल गेले, बोटांची टोकं सुरकुतली, आवाज बसला. ती पाणी मागत होती आणि तोंडातून नुसती हवा निघत होती.

मी बाहेर येऊन लिंबाखाली बसलो. काल मी देवीचा पाला थुंकला होता. आज माझी पोर. कुणालाही हा हिशेब येईल.

बातमी चावडीवर पोचायला वेळ लागला नाही. पाटील आमच्या वाड्याच्या तोंडाशी आले. आत कधी येत नसत, त्या दिवशी आणखी वीस पावलं लांबच थांबले. या वेळी आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

"पोरगी लागली म्हनं."

मी उठलो नाही.

"अजून येळ हाय. सुताराला सांगतो, दोपारपतूर दुसरा गाडा हुईल. वढ. तोंडात पाला धर आन् वढ. पोरगी उठंल."

माझी बायको दारात आली. ती पाटलांपुढं कधी बोलली नव्हती. त्या दिवशीही त्यांच्याशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. "वढा की," ती म्हणाली. "मी पाया पडते तुमच्या. तुमाला काय हुतंय वढायला?"

काय हुतंय. काही होत नव्हतं. एक हजार दोनशे चाळीस पावलं. मी मनात ओढायला लागलोसुद्धा. खोटं कशाला लिहू. खांद्यावर दोर घेतला, पाला धरला, पांदीनं उतरलो, दगडापाशी पोचलो. आणि तिथं सगुणाचं धाकटं पाण्यात उभं होतं. चार पावलं. ते पोरगं चार पावलांवरच उभं राहिलं, पुढं जाईना, मागं जाईना.

मी देवीपुढं गेलो. मोठा नवस बोललो नाही. एवढंच म्हणालो, "तुला माझी पोर पाहिजे असेल तर तू मला सांग. मला. दुसऱ्याच्या तोंडून सांगितलेलं मी ऐकणार नाही. आणि तिच्या बदल्यात सगुणाची लेकरं मी आणून देणार नाही. त्याचा कोप करायचा तर माझ्यावर कर." ती बोलली नाही. दिवा जळत होता. मी तिथं शंभर आकडे मोजेपर्यंत थांबलो, तिला वेळ द्यावा म्हणून. मग उठलो.

पारूला फडक्यात बांधून पाठीवर घेतली. म्हातारीनं पाणी उकळून चिमूटभर मीठ टाकून बाटली भरून दिली. बायको धाकट्या दोघांना पोटाशी धरून भिंतीकडं तोंड करून बसली. पाटील अजून तिथंच होते. मी त्यांच्या बाजूनं पुढं निघालो.

पाच मैल. दर पाचशे पावलांना थांबून तिच्या तोंडात दोन घोट घालायचे. अर्धे बाहेर यायचे. दर थांब्याला नाकापुढं हात धरून बघायचं. पाठीवर ती हलकी हलकी होत चालली, असं वाटत होतं. कुंपणावरचा सदरा वाटेत काढून घेतला होता. त्याचाच तिच्यावर आडोसा धरला.

कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडरनं तिची नाडी पाहिली. मनगटाला लागेना, काखेत लागली. त्यानं लगेच सामानाची लॉरी पुण्याला निघत होती ती थांबवली. पुण्याच्या दवाखान्यात तिच्या शिरेतून बाटलीतलं मिठाचं पाणी सोडलं. पहिल्या दिवशी सहा बाटल्या. मी खाटेखाली बसून थेंब मोजत होतो. दुसऱ्या दिवशी तिला लघवी झाली. डॉक्टर म्हणाला, आता वाचेल.

सातव्या दिवशी तिला घेऊन घरी आलो. दारात बायको होती. ठाण्यापुढं दिवा होता. पण वात वेड्यावाकड्या वळाची होती. ती म्हातारीच्या हातची नव्हती.

आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारीला लागण झाली. पारूचं सगळं तिनंच धुतलं होतं. एका दिवसात गेली. चुलत्यानं आणि वाड्यातल्या तिघांनी तिला माती दिली. बायको म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीवर होती. "वात बारीक करा," एवढं म्हणाली.

गावानं सांगितलं, बघा, देवीनं दिवावालीच उचलली. आजही सांगतात. गावानं एक मोजलं. पारू त्यांच्या मोजणीत नाही. मी दोन्ही मोजतो. म्हातारी गेली, हे मी कुणावर ढकलत नाही. गाडा फिरवला नसता तर ती राहिली असती का, मला माहीत नाही. त्या साली सगुणाच्या वाड्यात एक माणूस दगावला. गाडा पोचला असता तर किती, तेही मला माहीत नाही. जे मोजता येत नाही त्याचा आकडा मी सांगत नाही.

आणि एक गोष्ट सांगायला मला सहा वर्षं लागली. मुलगी वाचली म्हणून मी बरोबर ठरलो, असं मी मानत नाही. ती लॉरीतच दगावली असती, तरी दुसऱ्या दिवशी मी गाडा ओढला नसता. हे वाक्य मी बायकोपुढं अजून बोललेलो नाही. इथं लिहितो.

दिवा आता मी लावतो. रोज, कामाला जाण्याआधी. देवीचं ऐकणं मी सोडलेलं नाही. तिच्यापुढं उभं राहून कान देतो. ती बोलली तर ऐकेन, सांगेल ते करीन. आजवर तिनं मला एकदाच काही सांगितलं, असं वाटतं, तेही शब्दांत नाही. ओढ्याच्या पाण्यात, चार पावलांवर.

या महिन्यात वरच्या गावात पुन्हा पटकी लागली आहे. आमच्याकडं दोन माणसं गेली. आत्या म्हातारी झाली, आता तिच्या सुनेच्या अंगात येतं. सुताराच्या दारात नवी चाकं दिसली. आज सकाळी कोतवाल सांगून गेला, उद्या चावडीवर ये, पाटलांनी बोलावलंय.

मी पुन्हा भ्यालो आहे. हे लिहिताना अक्षर वाकडं येतंय, ते वाचणाऱ्याला दिसेल. या वेळी घरात चार लेकरं आहेत. देवी काय करील, मला ठाऊक नाही. गाव काय करील, ते थोडंफार ठाऊक आहे.

उद्या मी चावडीवर जाणार. सदरा घालून, बिल्ला लावून. खिशात जांभळ्या औषधाची पुडी. पाटलांनी ती टाकली नाही तर मी स्वतः विहिरीवर चढून टाकणार. दोर मी घरी ठेवणार. पाला झाडावर राहील. पाटलांनी देवीचं नाव घेतलं, तर सगळ्यांसमोर विचारणार, की गाडा ओढायचाच असेल तर या खेपेला तो तुमच्या दारात सोडू का.

तोंड मोकळं ठेवून विचारणार.